सकाळी सातला खंडू फाटकाकडे का बघतो?

पत्र थोडक्यात: इंदूरच्या रामबागेतून एका बाईंनी लिहिलंय. वय 58. घरी मिस्टर, 82 वर्षांच्या सासूबाई आणि पाच वर्षांचा खंडू. खंडू देशी, पांढरा, डाव्या कानावर तपकिरी डाग. मुलानं कॉलेजात असताना पिल्लू आणलं, नाव सासूबाईंनी ठेवलं, आता मुलगा पुण्याला नोकरीला. रंगपंचमीच्या सकाळी सासूबाईंनी दूध घ्यायला फाटक उघडलं आणि कडी लावायची राहिली. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी डीजे सुरू झाला आणि खंडू सुसाट पळाला. रंग लागेल म्हणून पट्टा आदल्या रात्रीच काढून ठेवलेला. पोस्टरं लावली, पाच हजारांचं बक्षीस जाहीर केलं. एकानं 'कुत्रा माझ्याकडे आहे' असं सांगून दोन हजार उकळले. तिसऱ्या दिवशी मिस्टरांना खंडू किला मैदानाजवळ दिसला, पण हाक मारताच उलटा पळाला. दहाव्या दिवशी बाणगंगेकडच्या एका पोहेवाल्याकडे तो धडधाकट सापडला. पोहेवाल्यानं त्याचं नाव 'पंचम' ठेवलं होतं. त्यानं बक्षिसाचा रुपयाही घेतला नाही.

या गोष्टीला तीन आठवडे झाले. मिस्टर खंडूला दिवसरात्र साखळीला बांधून ठेवतात. मुलगा फोनवर म्हणतो, 'तुमच्याच्यानं होत नाही, महूजवळ माझ्या मित्राचं फार्महाऊस आहे, तिकडे देऊन टाका.' सासूबाई अंगणात यायच्या बंद झाल्यात. 'रोज सकाळी सात वाजले की खंडू फाटकाकडे तोंड करून रडतो. तिकडचीच ओढ लागली असणार. आमच्यात काय कमी होतं? त्याला ठेवावं की द्यावं?'

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. 'पळून गेला' असं तुम्ही सात वेळा लिहिलंय. 'हरवला' एकदाही नाही.

जत्रेत पोर हरवतं, रिक्षात छत्री हरवते, म्हातारं माणूस भाजी आणायला जातं आणि वाट चुकतं. कुत्रा मात्र 'पळून' जातो. आपल्या घरांमध्ये पळून कोण जातं, ते मी तुम्हाला सांगायला नको. त्यानंतर आईबाप रात्र रात्र जागून एकमेकांना जे विचारतात तेच तुम्ही मला विचारलंय, आमच्यात काय कमी होतं?

कमी काहीच नव्हतं. डीजे जास्त होता.

आपल्या गेरचं, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीचं, मला कौतुकच आहे. लग्न होऊन ग्वाल्हेरहून इथे आले, त्या वर्षी राजवाड्यापाशी पहिल्यांदा पाहिली. टँकरमधून उडणारं रंगीत पाणी, मजल्यामागून मजले चढणारा गुलाल. मी आ वासून बघत राहिले आणि तो सगळा गुलाल तोंडात गेला. पण हा सण माणसांचा. आपल्याला फार तर 20 हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला 45 हजारांच्या आसपासचा. आपल्या छातीत धडधडतं तिथे त्याला काय होत असेल, विचार करा. असा घाबरलेला कुत्रा कुठे जायचं ते ठरवत नाही. आवाज नसेल त्या दिशेला पळतो. पाय थांबतात तोवर ओळखीचे वास मागे राहिलेले असतात, आणि परतायचं म्हटलं तर मधल्या प्रत्येक गल्लीत तिथली कुत्री दात काढून उभी. आपण याला बेइमानी म्हणतो.

आता किला मैदान. तुम्ही ते दोन ओळींत संपवलंय, पण तुमच्या घरातली साखळी तिथूनच आलेली आहे असं मला वाटतं. तीन दिवस उन्हात वणवण करणाऱ्या माणसाला आपला कुत्रा दिसतो, तो आनंदानं ओरडत धावतो, आणि कुत्रा त्याच्याकडे बघून पाठ फिरवतो. हे लागणारच. त्यांना कुणीतरी आधी सांगायला हवं होतं की भेदरलेला कुत्रा पहिले काही दिवस मालकालाही ओळख देत नाही. धावत येणारी आकृती त्याला दिसते, तिचा चेहरा नाही. वास पोचेपर्यंत तो लांब गेलेला असतो.

म्हणून हे पत्र वाचणाऱ्या सगळ्यांसाठी सांगते. कुत्रा दिसला तर हाका मारत मागे लागू नका. जिथे असाल तिथे खाली बसा, अंग थोडं तिरकं करून, नजर दुसरीकडे. घरातल्या आवाजात हळू बोलत राहा, काहीही, आज भाजी काय केली तेसुद्धा चालेल. वासाचं खाणं जवळ टाका. वेळ लागतो, कधी तास, कधी दोन दिवस एकाच जागी जावं लागतं. शोधायची वेळ पहाट आणि दिवेलागण, रस्ते शांत असतात तेव्हा. घराच्या दाराशी त्याचं अंथरूण किंवा तुमचा न धुतलेला कपडा ठेवा, आणि घरात एक माणूस कायम असू द्या. सगळं कुटुंब गाडीवर टांगून शहरभर फिरत असतं तेव्हा कुत्रा येऊन बंद फाटक हुंगून गेला, असं झालेलं मी ऐकलंय.

मिस्टरांना हे वाचून दाखवा. तुम्ही 'मी म्हणत नव्हते का' असं मात्र म्हणू नका.

साखळीचं काय करायचं? काढायची. पशू क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960 चा आहे. जनावराला अवाजवी आखूड किंवा जड साखळीनं अवाजवी वेळ बांधून ठेवणं, आणि बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं, हे त्याच्या 11व्या कलमात गुन्हा म्हणून लिहिलेलं आहे. पण मी कायद्याचा धाक घालायला बसलेली नाही. मला व्यवहाराचं बोलायचंय. पुढच्या दिवाळीत लवंगी माळ लागली की बांधलेला कुत्रा गळ्याला हिसका देईल, पट्ट्यातून मान काढेल नाहीतर स्वतःला इजा करून घेईल. भीती साखळीनं जात नाही.

आणि आता सकाळचे सात. तुमच्याच पत्रात दुसऱ्या पानावर एक वाक्य आहे: 'पूर्वी हे त्याला रोज सकाळी सातला फिरवून आणायचे, आता तेही बंद झालं.' तिसऱ्या पानावर: 'रोज सकाळी सात वाजले की फाटकाकडे तोंड करून रडतो.'

ताई, त्याला बाणगंगेची आठवण येत असेल, नाही असं नाही. पण मला वाटतं तो तुमच्या मिस्टरांची वाट बघतोय.

उद्या सातला त्याला बाहेर काढा. नुसत्या गळ्याच्या पट्ट्यावर नको, छातीवरून येणारा हार्नेस घ्या आणि दोरी हाताच्या मनगटात अडकवा. पट्टा गळ्यात असू द्याच, पण दोन बोटं जातील इतकाच सैल. पहिले आठ-दहा दिवस एकच रस्ता, एकच वेळ. नसबंदी झाली नसेल तर डॉक्टरांशी बोला, नराची भटकायची खोड त्यानं बरीच कमी होते. फाटकाला आपोआप बंद होणारी स्प्रिंग बसवून घ्या आणि ओसरीला गुडघ्याच्या वर येईल अशी दुसरी जाळी. म्हणजे एक दार उघडं राहिलं तरी दुसरं असतं. दोन दारांमागे एकाच माणसाला गुन्हेगार धरणं जरा अवघड जातं, हाही फायदा.

फार्महाऊसचं मला पटलेलं नाही. मुलाचा हेतू चांगला असेल, पण 'तुमच्याच्यानं होत नाही' या वाक्यात त्याचा स्वतःबद्दलचा राग जास्त आहे. पिल्लू त्यानं आणलं, वाढवलं तुम्ही, आणि कुत्रा हरवला तेव्हा तो सहाशेएक किलोमीटरवर फोन धरून बसला होता. त्याला दुसरं काही करता येत नव्हतं, म्हणून निकाल देतोय. त्याला सांगा, नव्या जागी नेलेला कुत्रा पहिल्या काही दिवसांतच सटकण्याची धास्ती सगळ्यात जास्त असते, कारण घर कुठलं हे त्याचं अजून ठरलेलं नसतं. रामबागेत निदान दूधवाला त्याला ओळखतो. शेतावर हरवला तर कोण ओळखणार? मोकळी जागा कुत्र्याला आवडते ही आपली, माणसांची कल्पना आहे. त्याला आपली माणसं दिसतील अशी जागा लागते, मग ती दहा बाय दहाची का असेना. (कुणाच्या घरात खरोखरच झेपत नसेल, आजारपण असेल, तर कुत्रा दुसरीकडे देण्यात पाप नाही. पण ते शांतपणे, ओळख करून देत, चार-सहा भेटींनंतर. रागाच्या भरात गाडीत घालून नाही. तुमच्या पत्रात आजारपण कुठे दिसलं नाही, राग दिसला.)

आता ज्याच्यासाठी मी पेन्सिल घेतली होती तिथे येते. तुम्ही लिहिलंय, आणि लगेच पुढच्या विषयाला हात घातलाय: 'सासूबाई तर रोज कचरागाडीवरच्या पोराला थांबवून, अरे तो आता पांढरा नसेल, रंगलेला असेल, डावा कान बघ, असं सांगत बसायच्या. त्याच्याच ओळखीच्या दुसऱ्या गाडीवरच्या माणसानं पोहेवाल्याकडे बघितला म्हणे.'

'म्हणे'!

ताई, तुमच्या पोस्टरवर काय होतं? पांढरा कुत्रा. आणि रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी इंदुरात पांढरं काय उरतं? खंडू गुलाबी आणि हिरवा झाला होता, हे तुम्हीच लिहिलंय. शिकलीसवरलेली चार माणसं पांढरा कुत्रा शोधत होती. 82 वर्षांच्या बाईंनी फाटकाशी उभं राहून विचार केला की तो आता कसा दिसत असेल, आणि गावातल्या प्रत्येक गल्लीत रोज सकाळी गाणं वाजवत कोण जातं. पोलिसांना, महापालिकेला, कुणालाही जमलं नसतं असं शोधपथक त्यांनी उभं केलं, आणि त्यांना हवा होता तो फक्त कानावरचा डाग.

कडी त्यांच्याकडून राहिली, खरं आहे. पट्टा कुणी काढला होता? ते तुम्ही लिहिलेलं नाही, मीही विचारत नाही. डीजे आदल्या दिवशी ठरलेला होता, खंडूला आतल्या खोलीत ठेवायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. एवढ्या सगळ्यातून कडीच तेवढी लक्षात राहिली, कारण कडीला एक नाव चिकटवता आलं.

माझ्या माहेरी, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या वाड्यात असंच झालं होतं. दिंडी दरवाजा माझ्या धाकट्या भावाकडून उघडा राहिला. कुत्रं दोन दिवसांत सापडलं, हलवायाच्या भट्टीमागे ऊब घेत झोपलं होतं. वडील भावाशी पंधरा दिवस बोलले नाहीत. आज तो साठीचा आहे आणि रात्री झोपताना तीनदा उठून कड्या बघतो. त्याच्या बायकोला वाटतं ही विसरण्याची सुरुवात आहे. मला माहीत आहे कसली आहे ती.

सासूबाईंना अंगणात बोलवा. 'झालं गेलं विसरा' म्हणून नको, त्यात पुन्हा गुन्हा धरलेलाच असतो. 'तुमच्यामुळे सापडला' असं म्हणा, मिस्टरांच्या देखत, आणि मुलाला फोनवरही सांगा. खंडोबाच्या पायाशी कुत्रा असतो म्हणून त्यांनीच नाव ठेवलं ना? होळकरांच्या गावात त्यांना एवढा मान मिळायला हरकत नाही.

त्यांची पद्धत खरंच कामाची आहे, हेही जाता जाता सांगते. अमेरिकेत 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, आधीच्या पाच वर्षांत हरवलेल्या कुत्र्यांपैकी 93 टक्के परत मिळाल्याचं दिसलं. त्यातले जवळजवळ निम्मे आजूबाजूच्या वस्तीत शोधून मिळाले, पट्ट्यावरच्या पाटीमुळे किंवा चिपमुळे 15 टक्के. तिथले रस्ते वेगळे, तिथे गल्लोगल्ली कुत्री नाहीत, तेव्हा आकडे जसेच्या तसे इथे लावू नका. पण शेवटी माणसाच्या डोळ्यांनाच कुत्रा दिसतो, हे दोन्हीकडे सारखं. म्हणून पहाटे रस्त्यावर असणारी माणसं गाठायची: सफाई मित्र, दूधवाले, पेपरवाले, रात्रीचे चौकीदार, रस्त्यावरच्या कुत्र्यांना भाकरी घालणाऱ्या बाया. महापालिकेच्या नसबंदी केंद्रातही स्वतः जाऊन बघायचं, फोनवर वर्णन सांगून भागत नाही. पट्टा नसलेला देशी कुत्रा तिथे भटकाच समजला जातो. 2023 च्या नियमांप्रमाणे अशा कुत्र्यांना नसबंदी आणि लस झाल्यावर जिथून उचललं तिथेच परत सोडतात, तेव्हा कुठून उचलला हेही विचारून घ्यायचं.

पोस्टरवर मोठा फोटो, चार शब्द, फोन नंबर, बस. एक खूण लिहायची नाही, ती आपल्याजवळ ठेवायची. कुणी 'सापडला' म्हणून फोन केला तर आधी व्हिडिओ कॉल, मग ती खूण विचारा, आणि कुत्रा हातात येईपर्यंत गाडीभाडं, औषध, कशाच्याही नावानं पैसे पाठवू नका. तुमचे दोन हजार गेले ते परत यायचे नाहीत, पण तुम्हाला त्याची इतकी लाज का वाटावी? काळजीत असलेल्या माणसालाच असे लोक हेरतात.

चिपबद्दल तुम्ही विचारलंत. तांदळाच्या दाण्याएवढी असते, कातडीखाली बसवतात, त्यात 15 आकडी नंबर असतो. कुत्रा कुठे आहे ते ती सांगत नाही. तो कुणाचा हे सांगते, तेही कुणाजवळ वाचायचं यंत्र असेल आणि तुमचा फोन नंबर तिथे नोंदवलेला असेल तरच. बसवून घ्या, वाद नको. पण पोहेवाल्याजवळ यंत्र नसतं, फोन असतो. पट्ट्यावर दोन नंबर कोरलेली पितळी पाटी आजच करून घ्या, आणि सणाच्या दिवशी तर पट्टा काढायचाच नाही. रंगलेला पट्टा धुता येतो.

पुढची दिवाळी, अनंत चतुर्दशी, शेजारचं लग्न, कुठलाही मोठा आवाज ठरलेला असेल तेव्हा सकाळी लवकर फिरवून आणा. मग घरातली सगळ्यात आतली खोली, पडदे ओढलेले, पंखा किंवा टीव्ही चालू, आणि शक्य असेल तर सोबतीला माणूस. जवळ घेतलं तर भीती वाढते, हा गैरसमज आहे. येऊन चिकटला तर खुशाल कुशीत घ्या. फारच थरथरत असेल तर डॉक्टरांकडून आधीच औषध आणून ठेवा, आपल्या कपाटातली झोपेची गोळी अर्धी करून देऊ नका.

परत आलेल्या कुत्र्याचं एवढंच: पहिल्या दिवशी पंचपक्वान्नं नाहीत, थोडं थोडं खाणं. रंग काढायला रॉकेल मुळीच नाही, कोमट पाणी आणि साधा कुत्र्यांचा शाम्पू, रोज थोडा. दुसऱ्या कुत्र्यांशी भांडण झालं असेल, लहानशी जखमसुद्धा, तर रेबीजची लस आधी कधी दिली ती तारीख घेऊन डॉक्टरांकडे जा. त्या काळात घरातल्या कुणाला त्यानं चावलं किंवा ओरबाडलं तर साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि माणसाच्या डॉक्टरांकडे जा. गोचिडांचा ताप दोन-तीन आठवड्यांनीही वर येतो, तुमचे तीन आठवडे नेमके आता झालेत, तेव्हा एकदा रक्त तपासून घ्या.

राहिला पोहेवाला. त्याला बघून खंडू शेपूट जास्त हलवतो म्हणून तुमचा जीव कालवतो, आणि त्यानं पैसे नाकारले म्हणून थोडा अपमानही वाटलाय, ते ओळींच्या मधून कळतंय. 'मेहमान के पैसे नहीं लेते, बहनजी.' केवढं बोलला तो माणूस! खंडूला त्याच्याबद्दल प्रेम आहे हे चांगलंच झालं की. भीतीत सापडलेल्या नऊ दिवसांत ज्यानं खायला घातलं, त्याला तो विसरला असता तर मला त्याची जास्त काळजी वाटली असती. शेपटीची मोजणी करून कुणाचं काही कमी होत नाही. घरच्या माणसाला बघून आपणही कुठे दर वेळी उठून उभे राहतो?

पाच हजारांचं पाकीट पुन्हा घेऊन जाऊ नका. रविवारी सकाळी रिक्षा करा, तुम्ही दोघं, सासूबाई आणि हार्नेस घातलेला खंडू. गाडीपाशी पोहे-जलेबी खा, पैसे देऊन, गिऱ्हाईक म्हणून. ते तो घेईल. त्याला 'पंचम' म्हणून हाक मारू द्या. सासूबाईंची त्याच्याशी ओळख करून द्या, कान बघायला यांनीच सांगितलं होतं म्हणून. आणि खंडूच्या वाट्याचे पोहे मागाल तेव्हा शेव, जिरावण मसाला नको म्हणा आणि कांदा तर अजिबातच नको. कच्चा असो की शिजलेला, कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, आणि हिरड्या फिकट दिसायला लागतात त्याही काही दिवसांनी. त्याच्याकडे असताना खंडू काय काय खात होता, तेही पोहेवाल्याला जरा गोडीनं विचारून घ्या, डॉक्टरांना सांगायला बरं.